पहिले जेट कोणते घ्यावे?

दूरनियंत्रित विमाने उडविण्याच्या छंदात जेट हे सर्वांत उंच शिखर मानले जाते. प्रोपेलरच्या विमानांवर दोन-तीन वर्षे हात बसला, की जवळजवळ प्रत्येक छांदिष्टाची नजर जेटकडे वळते. ती आधी पडते एफ-१६, मिराज किंवा सुखोईच्या हुबेहूब प्रतिकृतीवर. दिसायला ही विमाने देखणी असतात, परंतु पहिले जेट म्हणून त्यांच्याइतकी चुकीची निवड दुसरी नाही. पंख आखूड, मागे झुकलेले आणि त्यांवर वजन भरपूर. त्यामुळे उतरतानाही त्यांना मोठ्या वेगाने यावे लागते. वेग जरा कमी पडला, की एक पंख खाली जातो आणि सावरायला वेळ मिळण्याआधी विमान जमिनीवर आदळते. फोमचे विमान असेल तर नुकसान काही हजारांचे आणि टर्बाइनचे असेल तर काही लाखांचे होते.

म्हणूनच जेट प्रकारातही ‘ट्रेनर’ म्हणजे शिकाऊ विमानांचा स्वतंत्र वर्ग तयार झाला. रुंद व जाड पंख, भक्कम चाके, हळू उडण्याची क्षमता आणि मोडले तर घरच्या घरी डागडुजी करता येईल अशी बांधणी, ही या वर्गाची ओळख. ही विमाने कोणत्याही लढाऊ विमानासारखी दिसत नाहीत आणि दुकानातील छायाचित्रांत ती मन वेधून घेत नाहीत. खर्चाचा हिशेब मात्र त्यांच्याच बाजूने लागतो.

‘जेट’ म्हणजे नेमके काय?

छंदाच्या बाजारात हा शब्द दोन अगदी वेगळ्या यंत्रणांना लावला जातो. पहिली यंत्रणा विजेवर चालणारी आहे. विमानाच्या पोटातून जाणाऱ्या नळीत दहा-बारा पात्यांचा छोटा पंखा बसविलेला असतो. बॅटरीवरील मोटर तो फिरविते आणि शेपटीकडच्या तोंडातून हवा जोराने बाहेर फेकली जाते. इंग्रजी आद्याक्षरांवरून याला ‘ईडीएफ’ म्हणतात. यात ज्वलन नसते. दुसरी यंत्रणा म्हणजे खरीखुरी गॅस टर्बाइन. हवा आत ओढून दाबायची, तिच्यात इंधन जाळायचे, तप्त वायूंवर चक्र फिरवायचे आणि उरलेला झोत मागे सोडायचा, हे प्रवासी विमानाच्या इंजिनाचेच तत्त्व. फरक इतकाच, की हे सारे लिटरभर पाण्याच्या बाटलीएवढ्या आकारात घडते.

गॅस टर्बाइनवर चालणारे मॉडेल विमान ब्रिटनमध्ये जेरी जॅकमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ साली उडविले. परंतु ही विद्या सामान्य छांदिष्टाच्या आवाक्यात आणण्याचे श्रेय जर्मनीच्या कुर्ट श्रेकलिंग यांना दिले जाते. १९९० च्या सुमारास त्यांनी घरगुती हत्यारांनी बनविता येईल अशी टर्बाइन सिद्ध केली. तिच्या कॉम्प्रेसरचे चक्र चक्क लाकडी प्लायचे होते आणि कार्बन तंतूंनी बळकट केलेले होते. त्याच दशकात फ्रान्सच्या जेपीएक्स कंपनीची प्रोपेन वायूवर चालणारी तयार टर्बाइन बाजारात आली. पुढे मोटारीच्या टर्बोचार्जरचे ६६ मिलिमीटर व्यासाचे चक्र वापरून घरी बनविता येणारे ‘केजे-६६’ इंजिन लोकप्रिय झाले आणि जर्मनीच्या जेटकॅटसारख्या कंपन्यांनी संगणकीय नियंत्रणाच्या तयार टर्बाइन विकण्यास सुरुवात केली. विजेच्या पंख्याचे दिवस पालटले ते २००० नंतर, लिथियम पॉलिमर बॅटरी आणि ब्रशविरहित मोटर स्वस्त झाल्यावर. आज नवशिक्यासाठी परवडणारे जेट म्हणजे बहुतांशी याच प्रकारचे, फोममध्ये साच्यातून काढलेले विमान असते.

सवयी मोडाव्या लागतात

प्रोपेलरचे विमान उत्तम उडविणारा माणूसही जेट हाती घेतल्यावर पहिल्या दिवशी गोंधळतो. याचे मुख्य कारण वेग नाही. प्रोपेलरने मागे फेकलेली हवा थेट पंखांवरून व शेपटीवरून वाहते. त्यामुळे विमान जमिनीवर संथ धावत असतानाही त्याची नियंत्रणे जागी असतात आणि हवेत वेग कमी झाला तरी थ्रॉटल पुढे केल्याबरोबर शेपटीला जीव येतो. जेटमध्ये हा झोत नळीतून परस्पर बाहेर जातो. शेपटीला जी हवा मिळते ती विमानाच्या स्वतःच्या वेगामुळेच. वेग गेला, की नियंत्रणही गेले.

दुसरी अडचण विलंबाची. टर्बाइन मंदगतीवर असताना थ्रॉटल पूर्ण पुढे केला, तर पूर्ण जोर येण्यास दोन ते पाच सेकंद लागतात, जुन्या इंजिनांना अधिक. विजेचा पंखा याबाबत पुष्कळच तत्पर, तरी तोही प्रोपेलरसारखा एका झटक्यात विमान ओढून काढत नाही. उतरताना उंची कमी पडल्याचे शेवटच्या क्षणी लक्षात येऊन उपयोग नसतो. पुन्हा वर जायचे की नाही, हा निर्णय प्रोपेलरच्या तुलनेत बराच आधी घ्यावा लागतो.

तिसरी अडचण नेमकी उलट. मंदगतीवर फिरणारा प्रोपेलर ब्रेकसारखे काम करतो, जेटला असा ब्रेक नसतो. टर्बाइन तर मंदगतीवरही थोडा जोर देतच राहते. सडपातळ अंगाचे विमान मग धावपट्टीवरून तरंगत पुढे निघून जाते आणि पट्टी संपली तरी टेकत नाही. फ्लॅप म्हणजे पंखामागची झुकणारी पट्टी जेटवर शोभेसाठी नसते, ती येथे कामास येते.

शिवाय नजरेचा प्रश्न आहेच. ताशी २०० किलोमीटर वेगाचे विमान सेकंदाला ५५ मीटर कापते. चार सेकंद लक्ष विचलित झाले तर ते २२० मीटर दूर गेलेले असते आणि बाणासारख्या त्या आकृतीचे तोंड इकडे आहे की तिकडे, हे कळेनासे होते. अनेक शिकाऊ विमानांच्या पंखाखाली आणि वर वेगवेगळे, भडक रंग असतात ते यासाठी. सुंदर राखाडी छद्मरंग ढगाळ आकाशात विमानाला खरोखरच अदृश्य करतो. लढाऊ विमानाला ते सोयीचे, शिकाऊला नव्हे.

पंखावरचे ओझे: एकच आकडा पाहायचा तर हा

विमानाचे वजन भागिले पंखाचे क्षेत्रफळ, म्हणजे पंखावरचे ओझे. मॉडेलच्या जगात ते एका चौरस डेसिमीटरमागे किती ग्रॅम, असे सांगतात. दुकानदार पल्ला, वेग आणि मोटरची ताकद ठळक छापतात आणि हा आकडा पुष्कळदा छापत नाहीत. तो काढणे अवघड नाही.

समजा, टर्बाइनवरच्या एका शिकाऊ विमानाचे वजन ९ किलो आणि पंखाचे क्षेत्रफळ ९० चौरस डेसिमीटर आहे. ओझे झाले १०० ग्रॅम. साध्या पंखाच्या हिशेबाने असे विमान समुद्रसपाटीला ताशी सुमारे ४३ किलोमीटरपर्यंत हवेत टिकते, त्याखाली ते कोसळते. उतरताना या वेगाच्या सुमारे १.३ पट वेग ठेवण्याचा प्रघात आहे. म्हणजे ताशी ५६ किलोमीटर. आता तेच ओझे १६० ग्रॅम धरा, जे जड प्रतिकृतींमध्ये विरळ नाही. कोसळण्याचा वेग ५५ वर आणि उतरण्याचा ७१ वर जातो. फरक पंधराच किलोमीटरचा वाटतो, परंतु चाकांना आणि सांगाड्याला सोसावी लागणारी ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणून प्रत्येक किलोमागे ती साठ टक्क्यांनी अधिक होते.

या हिशेबात हवेचाही वाटा आहे. दख्खनच्या पठारावर, पुण्याच्या उंचीला, ३५ अंश तापमानाच्या दुपारी हवेची घनता समुद्रसपाटीच्या प्रमाण हवेपेक्षा सुमारे बारा टक्के कमी असते. विमान तेच, पण त्याला सगळे वेग सुमारे सात टक्क्यांनी अधिक लागतात आणि इंजिनाचा जोर मात्र कमी मिळतो. परदेशी चित्रफितीत पन्नास मीटरमध्ये उचलले जाणारे विमान येथे तितक्यात उठले नाही, तर दोष विमानाचाच असतो असे नाही. सकाळी लवकर उड्डाण करण्याची जुन्या मंडळींची सवय केवळ वारा टाळण्यासाठी नाही.

ओझ्याच्या खालोखाल पंखाचा आकार. सरळ पंख वेग घटत गेल्यावर सहसा आधी मुळापाशी हवा सोडतो आणि विमान नाक खाली टाकून इशारा देते. तीव्र झुकाव दिलेला पंख टोकाकडून हवा सोडतो आणि विमान बाजूला कलंडते. खऱ्या वायुदलांची प्रारंभिक प्रशिक्षण जेटही याच कारणाने सरळ पंखांची असत. भारतीय वायुदलाचे ‘किरण’ आणि चेकोस्लोव्हाकियाचे ‘एल-३९’ ही त्याची उदाहरणे. ‘सूर्यकिरण’ पथक २०११ पर्यंत ‘किरण’ विमानांवर कसरती करीत असे. आता ते हॉक उडविते. ‘हॉक’ची फोमची प्रतिकृती भारतीय छांदिष्टाला मोह घालते यात नवल नाही, मात्र ते दुसरे किंवा तिसरे जेट असावे.

चाकांविषयी दोन शब्द. आत मिटणारी चाके हवेत शोभून दिसतात आणि जमिनीवर सर्वांत आधी मोडतात. पहिल्या जेटला पक्की, न मिटणारी, धक्का शोषणारी चाके असणे हा कमीपणा नाही. मैदान गवताळ वा मुरमाड असेल तर चाकाचा व्यास आणि धक्का शोषणारा सांधा ह्या दोन गोष्टी मोटरच्या ताकदीपेक्षा महत्त्वाच्या ठरतात.

फोमची विमाने

या वर्गात ई-फ्लाइट, फ्रीविंग आणि एफएमएस ही नावे वारंवार कानावर येतात. ई-फ्लाइटचे ‘हाबू एसएस’ हे ७० मिलिमीटर पंख्याचे विमान मुद्दाम नवशिक्या जेटचालकासाठी आखलेले आहे. पंख मोठा, चाके पक्की, आणि गवतावरून उडण्याची सोय. त्याच कंपनीच्या ‘व्हायपर’मध्येही ७० मिलिमीटरचाच पंखा आहे, पण त्याची ठेवण अधिक चपळ आहे. दोहोंत ‘सेफ’ नावाची यंत्रणा घेता येते. संवेदक विमानाचा कल ओळखतात, ठरावीक मर्यादेपलीकडे ते झुकू देत नाहीत आणि काड्या सोडल्या की विमान आपोआप समतल होते. ही सोय बटणाने बंद करता येते. पहिल्या दहा उड्डाणांत ती असावी, परंतु तिच्याच आधारावर महिनोन्महिने उडणारा चालक वास्तविक काही शिकत नाही, हेही लक्षात घ्यावे.

फ्रीविंगचे ‘अवांती एस’ ८० मिलिमीटर पंख्याचे आहे. इटलीच्या सेबार्ट कंपनीच्या त्याच नावाच्या टर्बाइन विमानावरून ते घेतले आहे. हे खास शिकाऊ विमान नव्हे, पण हळू वेगातही ते शांत राहते आणि त्याची चाके गवताला दाद देतात. म्हणून दुसरे विमान म्हणून त्याची शिफारस अनेक जण करतात. एफएमएसचे ‘सुपर स्कॉर्पियन’ ९० मिलिमीटर पंख्याचे आहे. ते मोठे असल्याने नजरेला सोपे, मात्र बॅटरीच्या खर्चाला अवघड.

या विमानांच्या अमेरिकेतील किमती साधारण २५० ते ४५० डॉलरच्या दरम्यान असतात. त्यात बहुधा मोटर, पंखा आणि सर्व्हो बसविलेले येतात. ट्रान्समीटर, बॅटरी व चार्जर वेगळे घ्यावे लागतात. खर्चाचा अंदाज चुकतो तो येथेच. सहा पेशींच्या ४००० मिलिअँपिअर-तासांच्या बॅटरीत सुमारे ८९ वॅट-तास ऊर्जा असते. बॅटरी शाबूत ठेवायची तर तिच्यातील ८० टक्केच वापरायची. पंख्याने सरासरी ५० अँपिअर ओढले, तर हिशेब चार मिनिटांच्याही आत संपतो. त्यातून उतरण्यासाठी राखीव वेळ वगळला, की हातात तीन-साडेतीन मिनिटे राहतात. म्हणून ट्रान्समीटरवरील गजर पहिल्या दिवसापासून तीन मिनिटांवर लावावा आणि तो वाजल्यावर, आकाशात कितीही मजा चालू असली तरी, उतरण्याच्या तयारीस लागावे. एका दुपारी पाच-सहा उड्डाणे करायची तर तितक्या बॅटऱ्या किंवा ताकदवान चार्जर हवा. तीन वर्षांत बॅटऱ्यांवर झालेला खर्च विमानाच्या किमतीपेक्षा अधिक भरला, असा अनुभव सांगणारे पुष्कळ भेटतात.

या बॅटऱ्या धोकादायकही असतात. फुगलेली बॅटरी वापरू नये, चार्ज होत असताना एकटी सोडू नये आणि घरी ठेवताना ती प्रत्येक पेशीमागे सुमारे ३.८ व्होल्टवर आणून ठेवावी. पूर्ण भरून आठवडाभर कपाटात ठेवलेली बॅटरी लवकर निकामी होते.

टर्बाइनची पायरी

फोमच्या जेटवर शे-दोनशे सुरक्षित उड्डाणे झाली, मग टर्बाइनचा विचार. येथे ‘परवडणारे’ या शब्दाचा अर्थच बदलतो. ६० ते ८५ न्यूटन जोराची नवी टर्बाइन सामान्यतः दीड ते अडीच हजार डॉलरला मिळते. तैवानची किंगटेक, जर्मनीची जेटकॅट, स्पेनची जेट्स मंट आणि चीनची स्विविन ही या बाजारातील परिचित नावे. विमानाचा सांगाडा, चांगले सर्व्हो, रिसीव्हर, बॅटऱ्या, इंधनाच्या टाक्या हे सारे मिळून रक्कम चार हजार डॉलरच्या पुढे सहज जाते.

टर्बाइनच्या शिकाऊ विमानांत ‘बूमरँग’ हे कुळ सर्वपरिचित आहे. इंट्रो, एलान, नॅनो अशा निरनिराळ्या आकारांत ते आले. बाल्सा व प्लायचा लाकडी सांगाडा, त्यावर चिकटविलेली पातळ फिल्म, जाड पंख, आणि टर्बाइन पाठीवर उघडी. देखणेपणात ते कोणत्याही स्पर्धेत बसणार नाही. परंतु उघड्या इंजिनाची तपासणी पाच मिनिटांत होते, गरम झोताने शेपटी जळण्याची भीती कमी असते आणि लाकडी बरगडी मोडली तर ती गोंद व बाल्साच्या तुकड्याने बदलता येते. काचतंतूच्या तकतकीत विमानाला तडा गेला, की ते दुरुस्त करणे हे वेगळेच कसब होऊन बसते.

टर्बाइनचे चक्र मिनिटाला सव्वा ते दीड लाखाहून अधिक फेरे घेते आणि बाहेर पडणाऱ्या वायूंचे तापमान ५०० ते ७०० अंश सेल्सियसच्या घरात असते. इंधन म्हणून रॉकेल वापरतात आणि त्यात सुमारे पाच टक्के टर्बाइन तेल मिसळतात, कारण हेच इंधन बेअरिंगना वंगणही पुरविते. अनेक आधुनिक इंजिने डिझेलवरही चालतात. आपल्याकडे स्वच्छ रॉकेल खुल्या बाजारात सहज मिळत नसल्याने ही सोय महत्त्वाची. ६० न्यूटनचे इंजिन पूर्ण जोरावर मिनिटाला साधारण पाव लिटर इंधन पिते. दोन लिटरची टाकी आठ मिनिटांच्या उड्डाणाला पुरते, कारण पूर्ण जोर क्वचितच लागतो.

इंधनाच्या नळीत हवेचा एक बुडबुडा शिरला तरी ज्योत विझू शकते. ते टाळण्यासाठी मुख्य टाकीनंतर बुडबुडे अडविणारी छोटी टाकी बसवितात. ही छोटी टाकी उड्डाणापूर्वी काठोकाठ भरलेली आहे ना, हे पाहणे हा नियमच आहे. ज्योत विझली तर इंजिन हवेत पुन्हा सुरू होईल या भरवशावर न राहता विमान तरंगत उतरवावे लागते. येथे पंखावरच्या कमी ओझ्याचा दुसऱ्यांदा लाभ होतो.

सुरू करताना कधी इंधन आत साचून मागून लांबलचक ज्वाळा निघते. अशा वेळी जवळ कार्बन डायऑक्साइडचा अग्निशामक असावा लागतो. पावडरचा अग्निशामक आग विझवितो खरा, पण इंजिनही निकालात काढतो. उड्डाणानंतर इंजिन बंद केल्यावर त्याचा नियंत्रक स्टार्टर थांबून थांबून फिरवितो आणि तापमान शंभर अंशांच्या आसपास येईपर्यंत ते थंड करतो. घाईने बॅटरी काढून हे थंड होणे तोडले, तर बेअरिंगचे आयुष्य घटते. बहुतेक उत्पादक सुमारे २५ तासांच्या वापरानंतर इंजिन तपासणीसाठी मागवितात. त्याचा टपालखर्च भारतातून परदेशी धाडताना हलका नसतो.

जुनी टर्बाइन घेऊन पैसे वाचविता येतात का? येतात. नियंत्रकात चाललेल्या एकूण तासांची व सुरू केल्याच्या वेळांची नोंद असते. ती पडद्यावर पाहावी, इंजिन समोर सुरू करून घ्यावे आणि थंड झाल्यावर चक्र बोटाने फिरवून खरखर येते का ते ऐकावे. नोंद दाखविण्यास विक्रेता कां-कूं करीत असेल, तर सौदा सोडावा.

नियम कोणाचे, कोणते?

नऊ किलोचे विमान ताशी २०० किलोमीटर वेगाने जात असेल, तर त्यात साधारण १४ हजार जूल ऊर्जा असते. स्वारासह दुचाकी ताशी ४५ किलोमीटरने धडकण्याइतकी. दोन किलोच्या फोमच्या विमानात, ताशी १०० च्या वेगाने, ती आठशे जूलच्याही खाली असते. परदेशातील संस्था टर्बाइनला वेगळी वागणूक का देतात, हे या दोन आकड्यांतून समजते. अमेरिकेच्या अकॅडमी ऑफ मॉडेल एरोनॉटिक्स या १९३६ साली स्थापन झालेल्या संस्थेत टर्बाइन उडविण्यासाठी सदस्याला स्वतंत्र संमतिपत्र मिळवावे लागते आणि त्यासाठी जाणत्या चालकांसमोर उड्डाण करून दाखवावे लागते. टर्बाइन विमानांना ताशी २०० मैलांची, म्हणजे सुमारे ३२० किलोमीटरची वेगमर्यादाही आहे. ब्रिटनमध्ये मॉडेल विमानचालकांची राष्ट्रीय संघटना ‘ए’ व ‘बी’ अशी कौशल्याची प्रमाणपत्रे देते.

भारतात या छंदाला लागू होतात ते ड्रोन नियम, २०२१. केवळ शिक्षण, संशोधन वा मनोरंजनासाठी, नजरेच्या टप्प्यात उडविल्या जाणाऱ्या २५ किलोपर्यंतच्या विमानांना त्यांत ‘मॉडेल’ असा वेगळा वर्ग दिला आहे आणि त्यांना प्रकार-प्रमाणपत्राच्या अटीतून सूट आहे. परंतु हवाई क्षेत्राचे निर्बंध सुटत नाहीत. हिरव्या क्षेत्रात ४०० फूट म्हणजे सुमारे १२० मीटर उंचीची मर्यादा आहे, आणि विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ती २०० फुटांवर येते. लाल क्षेत्रात केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय काहीच उडविता येत नाही. मैदान कोणत्या क्षेत्रात येते, हे ‘डिजिटल स्काय’च्या नकाशावर आधी पाहावे आणि स्थानिक पोलिसांना कळवून ठेवावे.

ही १२० मीटरची मर्यादा निवडीवर थेट परिणाम करते. ताशी ११० किलोमीटर वेगाचे फोमचे विमान मध्यम जोराने उभे वर्तुळ घेते तेव्हा त्या वर्तुळाचा व्यास सुमारे ५० मीटर भरतो. तितक्याच जोराने ताशी २२० किलोमीटरच्या टर्बाइन विमानाला १९० मीटर लागतात. परवानगीशिवाय ही साधी कसरत त्याला कायद्यात बसवून करताच येणार नाही. भारतीय छांदिष्टाने संथ विमानाकडे कमीपणाने पाहू नये, याचे हे एक व्यावहारिक कारण.

खरेदीपूर्वी आयातीची स्थितीही तपासावी. केंद्राने ९ फेब्रुवारी २०२२ रोजी तयार तसेच सुट्या संचातील ड्रोनच्या आयातीवर बंदी घातली आणि सुटे भाग मोकळे ठेवले. मॉडेल विमानाची पेटी सीमाशुल्क अधिकारी कोणत्या वर्गात धरतात, यावर ती सुटणे वा अडणे अवलंबून राहते. ट्रान्समीटरसारख्या बिनतारी उपकरणाला दूरसंचार विभागाची मान्यता लागते ती वेगळीच. परदेशातून परस्पर मागविण्यापेक्षा, चार पैसे जास्त पडले तरी, देशातील विक्रेत्याकडून पावतीसह घेतलेले विमान बहुधा स्वस्तच पडते. मोडलेले चाक वा सर्व्हो बदलून मिळण्याची शक्यताही तेथेच अधिक.

पहिले दहा उड्डाण-दिवस

जेट ही शिकण्याची पहिली पायरी नव्हे. संगणकावरील सिम्युलेटर, मग उंच पंखाचे प्रोपेलर ट्रेनर, त्यानंतर खालच्या पंखाचे चपळ विमान, असा क्रम सगळीकडे मान्य आहे. शाळा-महाविद्यालयात एनसीसीच्या हवाई शाखेत असलेल्यांना विमाने बनविण्याची व उडविण्याची ओळख तेथेच झालेली असते. त्यांना पुढची वाट सोपी जाते. रिअलफ्लाइटसारख्या सिम्युलेटरवर जेटही असतात. तेथे कसरतींऐवजी केवळ उतरण्याचा सराव करावा. शंभर वेळा उतरविले, त्यांपैकी नव्वद वेळा पट्टीच्या पहिल्या तिसऱ्या हिश्श्यात टेकले, तर खरे विमान बाहेर काढायला हरकत नाही.

पहिल्या दिवशी मैदानावर अनुभवी चालक असावा आणि शक्य तर दोन ट्रान्समीटर बिनतारी जोडून घ्यावेत, म्हणजे गडबड होताच ताबा त्याच्याकडे जातो. संपर्क तुटल्यास मोटर वा टर्बाइन बंद पडेल अशी मांडणी केली आहे ना, हे जमिनीवरच ट्रान्समीटर बंद करून तपासावे. फोमच्या विमानाला त्या वेळी कोणीतरी घट्ट धरलेले असावे. गुरुत्वमध्य पुस्तिकेत दिलेल्या खुणेवर, किंबहुना पहिल्या उड्डाणांसाठी किंचित पुढे ठेवावा. शेपूट जड झालेले जेट सावरणे जाणत्यांनाही जमत नाही.

उचलताना घाई करू नये. पट्टीची लांबी पुरेशी असेल तर विमानाला धावू द्यावे आणि वेग भरल्यावर हलकेच नाक वर करावे. सुरक्षित उंची गाठल्यावर पहिले काम कसरत नव्हे. फ्लॅप टाकून थ्रॉटल हळूहळू कमी करीत न्यावा आणि विमान कोणत्या वेगाला, कसे कोसळते ते दोन-तीनदा पाहून घ्यावे. ती जाण बोटांत उतरली, की उतरणे निम्मे सोपे होते. उतरताना थोडा जोर अखेरपर्यंत राखावा, वळण उथळ ठेवावे आणि पट्टीच्या रेषेत येण्यास उशीर झाला असेल तर वळण ओढून पूर्ण करण्याच्या भानगडीत न पडता सरळ वर निघून पुन्हा फेरी घ्यावी. कमी उंचीवर, कमी वेगात ओढलेले हेच अखेरचे वळण शिकाऊंची सर्वाधिक विमाने मोडते.

उतरल्यावर बॅटरीत किती टक्के उरले ते वहीत लिहून ठेवावे. तीनच उड्डाणांच्या नोंदींवरून गजर तीन मिनिटांवर ठेवायचा की तो आणखी पंधरा सेकंदांनी पुढे न्यायचा, हे ठरविता येते.